टिंबामागची फाइल

लिनक्स वापरणाऱ्या माणसाचं खरं सामान संगणकात कुठे असतं हे पाहायचं, तर त्याच्या होम फोल्डरमध्ये जाऊन नुसती 'एलएस' ही आज्ञा देऊन भागत नाही. तिथे डाउनलोड, फोटो, गाणी, कागदपत्रं एवढंच दिसतं, आणि ते कोणाच्याही संगणकात असतं. त्याच आज्ञेपुढे 'वजा ए' लिहिलं की टिंबाने सुरू होणाऱ्या नावांची रांग उभी राहते: .बॅशआरसी, .प्रोफाइल, .विमआरसी, .एसएसएच, .कॉन्फिग. या डॉटफाइल. त्यांतल्या बहुतेकांत साधा मजकूर असतो आणि एकेका ओळीत त्या माणसाचा एकेक निर्णय लिहिलेला असतो. आज्ञेच्या ओळीत वेळ दिसावी की नाही, कोणती कळ दाबली की कोणती खिडकी पुढे यावी, टॅबच्या जागी एडिटरने चार मोकळ्या जागा सोडाव्यात की आठ. नवा लॅपटॉप घेतला की लिनक्सवाले आधी या फायली त्यावर नेतात, फोटोबिटो मागाहून.

परवान्यांचे मसुदे वाचून मुक्त सॉफ्टवेअरची गोडी लागलेली माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. बहुतेकांना ती अशा एखाद्या फायलीतली एक ओळ बदलून लागते. ओळ बदलली, फाइल जतन केली, आणि प्रोग्राम आपल्या म्हणण्याप्रमाणे वागू लागला. ती ओळही बहुधा दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली असते आणि त्याने ती तिसऱ्याकडून घेतलेली असते. या ओळी येतात कुठून, याचा माग काढत गेलं की साठ वर्षं मागे जावं लागतं. तिथे लिनक्स नाही, युनिक्सही नाही.

अमेरिकेत, एमआयटीत, १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकच आयबीएम यंत्र अनेकांनी एकाच वेळी, आपापल्या टर्मिनलवरून वापरायचं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. १९६३ साली फ्रान्सहून लुई पुझाँ तिथे कामाला आले. रोज त्याच आज्ञा त्याच क्रमाने टंकत बसण्यावर उपाय म्हणून त्यांनी रनकॉम नावाचा प्रोग्राम लिहिला. आज्ञा एका फायलीत ओळीने लिहून ठेवायच्या आणि रनकॉमला त्या फायलीचं नाव सांगायचं. फायलीत मोकळ्या जागा ठेवून त्या ऐन वेळी भरण्याचीही सोय होती. तिथून पुझाँ पुढच्या विचाराकडे गेले: आज्ञा ऐकून घेणारा भागच एक वेगळा, बदलता येण्याजोगा प्रोग्राम का असू नये? १९६५ साली मल्टिक्स या नव्या प्रणालीसाठी त्यांनी त्याचा आराखडा लिहून दिला आणि त्याला शेल हे नाव दिलं. मग ते फ्रान्सला परतले. पुढे त्यांनी सिक्लाड या फ्रेंच नेटवर्कमध्ये जे काम केलं त्याचा इंटरनेटच्या घडणीत मोठा वाटा आहे, आणि त्यांची ओळख बहुधा तेवढीच सांगितली जाते. पण .बॅशआरसी, .विमआरसी या नावांच्या शेवटी येणारं 'आरसी' हे त्या रनकॉमचं आहे. युनिक्सने ते उचललं, संगणक सुरू होताना चालवायच्या आज्ञांच्या फायलीला दिलं, आणि तिथून ते सगळीकडे पसरलं.

नावाची शेपटी अशी सापडते. सुरुवातीच्या टिंबाची हकिकत मात्र निराळी आहे, आणि ती मला या सगळ्या वंशावळीत सर्वांत जिवंत वाटते.

मल्टिक्सच्या कामात सामील असलेली बेल लॅब्स १९६९ साली त्यातून बाहेर पडली. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे केन टॉम्प्सन यांनी एका वापरात नसलेल्या पीडीपी-७ यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली. थोड्याच काळात फायलींची रचना फांद्याफांद्यांची झाली आणि प्रत्येक डिरेक्टरीत दोन नोंदी कायमच्या आल्या: एक टिंब म्हणजे हीच जागा, दोन टिंबं म्हणजे वरची जागा. आता एलएसने यादी छापली की प्रत्येक वेळी या दोन नोंदीही छापून येणार, आणि त्यांचा वाचणाऱ्याला काही उपयोग नाही. म्हणून एलएसमध्ये एक छोटीशी तपासणी घातली गेली. नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर ते नाव सोडून पुढे जा.

खरं तर तपासायचं होतं ते नाव नेमकं '.' आहे का, किंवा नेमकं '..' आहे का, एवढंच. पण पहिलं अक्षर पाहणं सोपं होतं, कोड आखूड होत होता, आणि टिंबाने सुरू होणारं दुसरं नाव त्या वेळी कोणी ठेवतच नव्हतं. पुढे बेल लॅब्समध्येच काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ साली ही हकिकत लिहिली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती तपासणी टॉम्प्सन किंवा त्यांचे सहकारी डेनिस रिची या दोघांपैकी कुणीतरी घातली, आणि लपलेली फाइल ही कल्पना कोणी योजून आणलेली नाही. ती या आखूड तपासणीच्या पोटी जन्मली. टिंब लावलं की नाव यादीत येत नाही हे एकाच्या लक्षात आलं, मग दुसऱ्याच्या, आणि प्रत्येक प्रोग्राम आपली सेटिंगची फाइल टिंब लावून वापरणाऱ्याच्या घरात ठेवू लागला.

पाइक यांना ही गोष्ट सरळसरळ चूक वाटते. लपलेल्या फायलींनी होम फोल्डर गजबजतं, कुठली फाइल कशाला आहे ते कळत नाही, आणि इतर प्रोग्रामर तीच आखूड तपासणी उचलून आपल्या कोडमध्ये दोष आणतात, असा त्यांचा आक्षेप आहे. सेटिंग्जसाठी घरात एक उघडी, नाव असलेली डिरेक्टरी ठेवली असती तर बरं झालं असतं. बेल लॅब्सने युनिक्सनंतर प्लॅन नाइन ही प्रणाली केली तेव्हा तसंच केलं. तिच्यात टिंबामागे काही लपत नाही.

रचनेच्या दृष्टीने पाइक बरोबर आहेत, यात वाद नाही. तरी या अपघाताने एक गोष्ट पदरात टाकली. डॉटफाइलला कुलूप नाही, गुप्तता नाही, नुसती आड आहे. रोजच्या कामात ती मध्ये येत नाही, आणि हवी तेव्हा दोन अक्षरं जास्त टंकली की समोर येते. सेटिंग प्रोग्रामच्या पोटात न राहता बाहेर, माणसाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, त्याच्या मालकीने राहिली. पुढे जे जे झालं ते या मालकीमुळे झालं.

जानेवारी १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तिच्यासोबत स्टीव्हन बॉर्न यांचं शेल आलं. लॉगिन करताच ते घरातली .प्रोफाइल ही फाइल वाचत असे. आजच्या अनेक लिनक्सवरही हीच फाइल याच नावाने सापडते. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या विद्यापीठात, बिल जॉय नावाचा विद्यार्थी आपलं वेगळं शेल लिहीत होता, सी शेल. त्याच्या फायली .सीएसएचआरसी आणि .लॉगिन. व्हीआय हा एडिटरही जॉय यांचाच, त्याची .एक्सआरसी. जॉय ज्या टर्मिनलवर काम करत तो लिअर सिग्लर कंपनीचा एडीएम-३ए. त्याला बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या; एच, जे, के, एल या अक्षरांच्या कळांवरच बाण छापलेले होते. व्हीआयमध्ये कर्सर याच चार कळांनी हलतो, तो यामुळे. त्याच टर्मिनलवर टिल्डच्या कळेवर 'होम' छापलेलं होतं, आणि सी शेलमध्ये टिल्ड म्हणजे आपलं घर झालं. आज पुण्यातल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये मुलगी टिल्ड टंकून आपल्या फोल्डरमध्ये जाते, किंवा खिडक्यांची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामच्या फायलीत एचजेकेएलने खिडक्या हलवण्याच्या ओळी लिहिते, तेव्हा तिची बोटं कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलेल्या त्या टर्मिनलच्या कीबोर्डावर फिरत असतात.

फिंगर या आज्ञेचीही एक डॉटफाइल होती, .प्लॅन. आपण सध्या काय करतो आहोत हे तिच्यात लिहून ठेवायचं आणि कोणीही विचारलं की फिंगरने ते दाखवायचं. नव्वदीत जॉन कार्मॅक यांनी क्वेक या खेळाच्या घडणीची रोजनिशी याच फायलीतून जगाला वाचायला दिली. सेटिंगची फाइल नव्हे ती, पण घर त्याच टिंबामागे.

इथवर डॉटफाइल म्हणजे सूचनांची यादी होती. १९८५ साली रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू ईमॅक्स हा एडिटर आला आणि .ईमॅक्स ही फाइल यादी राहिली नाही, ती एक पूर्ण प्रोग्राम झाली. तिची भाषा ईमॅक्स ज्या भाषेत मोठ्या प्रमाणावर लिहिला होता तीच, लिस्प. त्यामुळे सेटिंग बदलणं कुठे संपतं आणि सॉफ्टवेअर लिहिणं कुठे सुरू होतं, ही रेघच पुसली गेली. स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू या मुक्त प्रणालीची घोषणा केली तेव्हा जे तत्त्व मांडलं होतं, ते इथे रोजच्या वापरात उतरलं. प्रोग्राम वापरणारा आणि प्रोग्राम लिहिणारा ही दोन जातींची माणसं नाहीत.

जीएनयूचं शेल, बॅश, ब्रायन फॉक्स यांनी लिहिलं. ते १९८९ मध्ये बाहेर आलं. आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने आपल्या नव्या प्रणालीची पहिली वार्ता दिली, तेव्हा तिच्यावर बॅश आणि जीसीसी हा कंपायलर चालू लागल्याचं त्यात सांगितलं होतं. म्हणजे लिनक्सचं पहिलं पाऊल पडलं तेव्हाच .बॅशआरसी वाचणारा प्रोग्राम तिथे हजर होता.

आज डेबियन किंवा उबंटू बसवलं की ही फाइल आपण न लिहिताच घरात येते. प्रणालीच्या एका फोल्डरमध्ये तिची मूळ प्रत असते. नवं खातं उघडलं की तिची नक्कल त्या खात्याच्या घरात पडते. ती एकदा सावकाश वाचून पाहावी. आधी दिलेल्या आज्ञांच्या इतिहासात लागोपाठ पुन्हा आलेली ओळ साठवू नये, इतिहास १,००० ओळींचा असावा, त्याची फाइल २,००० ओळींची. एलएसची यादी रंगीत दिसावी. उबंटूत 'एलएल' एवढंच टंकलं तरी सविस्तर यादी यावी. मध्येच डेबियनच्या पॅकेज बांधणाऱ्या मंडळींच्या कामाचा एक तुकडा आहे, बंदिस्त उपप्रणालीत काम करताना तिचं नाव आज्ञेच्या ओळीत दाखवणारा. बाकीच्यांना त्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही, पण तो कोट्यवधी घरांत पडून आहे. वारकऱ्यांच्या भजनाच्या बाडात असंच होतं. कोणीतरी कुठल्या गावी उतरवून घेतलेला अभंग, कडेला लिहिलेली चाल, एखादी चुकलेली मात्राही, असं सगळं पुढच्या वहीत जसंच्या तसं जातं, आणि लिहिणारा आपली दोन पदं शेवटी जोडतो. .बॅशआरसीच्या तळाशीही लोक आपल्या ओळी अशाच जोडतात.

चित्रांच्या पडद्यावर हे सगळं आलं ते एक्स विंडो प्रणालीतून. १९८४ साली एमआयटीत बॉब शाइफलर यांनी स्टॅनफर्डच्या डब्ल्यू या प्रणालीवरून एक्स बेतली. अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये आली आणि पुढे अनेक दशकं तीच चालली. एक्सच्या लेखकांनी एक गोष्ट पक्की ठरवली होती: पडद्यावर खिडकी काढण्याची यंत्रणा आम्ही देऊ, खिडकी कशी दिसावी आणि कशी वागावी हे आम्ही ठरवणार नाही. मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल हे स्वतः ठरवत होते. एक्सने मोकळी सोडलेली ती जागा भरायला विंडो मॅनेजर नावाचे वेगळे प्रोग्राम आले. १९८७ मध्ये टॉम लास्ट्रेंज यांचा टीडब्ल्यूएम आला, त्याची .टीडब्ल्यूएमआरसी. त्यावरून १९९३ मध्ये रॉबर्ट नेशन यांनी कमी मेमरीत चालणारा एफव्हीडब्ल्यूएम केला, आणि नव्वदीतल्या लिनक्सवाल्यांच्या हाती त्याची लांबच लांब आरसी फाइल आली. मेन्यू, चौकटींची जाडी, पडद्याबाहेरच्या आभासी पडद्यांची संख्या, सगळं तिच्यात मजकुरात. लिनक्स डेस्कटॉपवर खुडबुड करण्याचा जो छंद आज दिसतो त्याचा जन्म मी या फायलीत मानतो.

पडदा मुळात उजळायचा तर आणखी एक फाइल लिहावी लागे. मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत त्याच्या आडव्या-उभ्या वारंवारता शोधायच्या, त्यांवरून हिशेब करून एक ओळ बनवायची आणि ती एक्सच्या फायलीत घालायची. चुकीच्या आकड्यांनी मॉनिटर बिघडू शकतो, असा इशाराच तिथे दिलेला असे.

भारतात हे पोचलं ते मासिकातून. व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून दिलं, पण टेलिफोनच्या तारेवरून आख्खी प्रणाली उतरवणं कुणाला परवडणार? १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. त्यामागे बंगळूरचे अतुल चिटणीस होते. पुढे अनेक वर्षं त्या सीड्या येत राहिल्या, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत पहिलं लिनक्स त्यांतूनच शिरलं. मग पुण्या-मुंबईच्या लिनक्स यूजर्स ग्रुपांच्या बैठका सुरू झाल्या. लोक सीपीयू उचलून घेऊन यायचे, शेजारी बसून एक्स चालू करून द्यायचे, आणि जाताना फ्लॉपीवर फाइल द्यायचे. 'माझी आरसी घेऊन जा' हे तेव्हाचं मोठं देणं होतं. शहरात ज्याचं ग्राफिक्स कार्ड आपल्यासारखं, तो माणूस शोधून काढायचा, कारण त्याची फाइल आपल्याकडे तशीच चालणार.

नव्वदीच्या शेवटी या कुळात भांडण झालं. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या मातियास एट्रिख या विद्यार्थ्याने केडीई या डेस्कटॉपची हाक दिली. प्रत्येक प्रोग्राम वेगळा दिसतो, वेगळा वागतो, साध्या वापरणाऱ्याने काय करावं, असा त्याचा प्रश्न होता. केडीई ज्या क्यूटी या साहित्यावर उभं होतं त्याचा परवाना तेव्हा मुक्त नव्हता, म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोचे मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं. परवान्याचा तो प्रश्न क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आल्यावर २००० मध्ये मिटला. फायलींचा प्रश्न मात्र राहिला: माउसने टिचकी मारून सेटिंग बदलता येते, मग माणसाने फाइल कशाला उघडावी?

इथे हॅवक पेनिंग्टन हे नाव घ्यावं लागतं. त्यांनी ग्नोमसाठी जीकॉन्फ ही सेटिंग्ज साठवण्याची व्यवस्था लिहिली, आणि २००२ साली ग्नोमची दुसरी मालिका आली त्या सुमारास एक निबंधही. प्रत्येक जास्तीच्या पर्यायाची किंमत असते, असं त्यांनी त्यात मांडलं. पर्याय वाढले की चाचण्या वाढतात, दोष वाढतात, वापरणारा गोंधळतो, आणि बऱ्याचदा मूळ दोष दुरुस्त करण्याऐवजी एक पर्याय चिकटवून दिला जातो. ग्नोममधून खूप पर्याय गेले. लोक चिडले, खुद्द टोरवाल्ड्स यांनी २००५ साली केडीई वापरा असं जाहीर सांगितलं. पेनिंग्टन यांचा मुद्दा मला पटतो. न सांगता नीट चालणारा प्रोग्राम बनवणं हे शंभर पर्याय देण्यापेक्षा अवघड काम आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. २०११ मध्ये ग्नोमची तिसरी मालिका आली आणि सेटिंग्ज डीकॉन्फच्या बायनरी फायलीत गेल्या. त्या वाचायला आता मध्ये एक साधन लागतं. शेजारच्याला 'ही ओळ घे' असं म्हणण्याची सोय तिथे मोडली. चांगलं मूळ वळण आणि वाचता येणारी फाइल या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. केडीईने आपल्या सेटिंग्ज मजकुरातच ठेवल्या आहेत.

पेनिंग्टन यांनीच २००० साली फ्रीडेस्कटॉप हे वेगवेगळ्या डेस्कटॉपवाल्यांना एकत्र बसवणारं व्यासपीठ सुरू केलं, आणि तिथून २००३ साली एक छोटा नियम निघाला. तो केडीईच्या वाल्डो बास्टियन यांनी लिहिला. सेटिंग्ज .कॉन्फिगमध्ये ठेवा, प्रोग्रामचा डेटा .लोकलमध्ये, आणि पुसलं तरी चालेल असं .कॅशमध्ये. पाइक यांनी पुढे ज्या पसाऱ्याबद्दल लिहिलं त्याला हे आधीच दिलेलं उत्तर होतं. पण टिंब काही गेलं नाही. पसारा आवरायला केलेल्या फोल्डरालाही टिंबच लागलं. आणि .बॅशआरसी व .एसएसएच जिथे होत्या तिथेच आहेत.

उलट दिशेचा प्रवासही याच काळात झाला. ब्राम मोलेनार यांचा विम हा एडिटर १९९१ मध्ये आमिगा संगणकावर पहिल्यांदा बाहेर आला. युगांडातल्या किबाले इथल्या मुलांसाठी मदत करा, एवढंच मागणं पुढे त्यासोबत असे. मूळचा विम जुन्या व्हीआयसारखा वागे, म्हणून प्रत्येक जण आपल्या .विमआरसीत त्याच दहा-बारा ओळी घाले. शब्द शोधताना टंकता टंकताच जुळणी दाखव, कर्सर पडद्याच्या कडेला नेऊ नकोस, रंग चालू कर. टिम पोप यांनी या सर्वमान्य ओळींचं २०१२ मध्ये एक प्लगइन केलं. २०१६ मध्ये विमच्या आठव्या आवृत्तीत मोलेनार यांनी स्वतःच ठरवलं की ज्याच्या घरी .विमआरसी नाही त्याला अशी बरीचशी वळणं आपोआप मिळावीत. वापरणाऱ्यांच्या घरातून निघालेल्या ओळी प्रोग्रामच्या पोटात पोचल्या, त्या अशा. कुठल्या कंपनीने सर्वेक्षण करून हे ठरवलेलं नाही. लोकांच्या उघड्या फायली वाचून सगळ्यांना हे आपोआप कळत गेलं होतं. मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. त्यांनी ठरवलेली ती वळणं नव्या वापरणाऱ्याला आजही पहिल्या दिवशी मिळतात.

या फायली आपल्या प्रोग्रामांपेक्षा जास्त जगतात. मायकेल स्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये आय३ हा खिडक्या फरशांसारख्या शेजारी शेजारी लावणारा विंडो मॅनेजर केला, त्याची सेटिंग सरळ वाचता येणाऱ्या मजकुरात. दरम्यान क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये एक्सच्या जागी वेलँड ही नवी व्यवस्था सुरू केली होती. ड्रू डिव्हॉल्ट यांनी वेलँडसाठी स्वे लिहिला तेव्हा त्याला आय३ची फाइल जशीच्या तशी वाचता येईल अशी सोय केली. त्याची पहिली पक्की आवृत्ती २०१९ मध्ये आली. खालची सगळी चित्रयंत्रणा बदलली, आणि माणसाची फाइल तीच राहिली, बोटांची सवयही तीच.

आता या फायली, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या भांडारात ठेवल्या जातात. गिटही टोरवाल्ड्स यांचंच, २००५ सालचं. फायली एका फोल्डरमध्ये, आणि घरात त्यांच्याकडे बोट दाखवणारे दुवे. त्यासाठी १९९३ पासूनचं जीएनयू स्टो हे साधन लोक वापरतात. आधी फ्लॉपीवरून शेजाऱ्याला मिळणारी फाइल आता कोणालाही मिळते, आणि कोणती ओळ कधी, का आली हेही नोंदीत राहतं. एवढं मात्र जपावं, की .एसएसएचमधली खाजगी किल्ली किंवा एखादा पासवर्ड त्या भांडारात जाऊ नये. एकदा सार्वजनिक झालेली किल्ली पुसून उपयोग नसतो, ती बदलावीच लागते.

मराठी माणसाच्या डॉटफाइलमध्ये काही ओळी खास त्याच्या असतात. प्रणालीची भाषा सांगणाऱ्या ओळीत सगळ्यासाठी इंग्रजी ठेवून फक्त तारखेसाठी मराठी मागता येते. मग महिन्यांची नावं मराठीत येतात आणि आज्ञांचे संदेश इंग्रजीतच राहतात. त्याहून मोलाची फाइल कोणता फॉन्ट वापरायचा हे ठरवणाऱ्या फॉन्टकॉन्फिगची. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी ल ला एकच क्रमांक आहे, श चंही तसंच. मराठी वळणाचा ल आणि श दाखवायचे की हिंदी वळणाचे, हे फॉन्टने भाषा पाहून ठरवायचं असतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेले लोहित फॉन्ट रेड हॅटने मुक्त केले, त्यांत मराठीचा वेगळा लोहित होता. फॉन्टकॉन्फिगच्या फायलीत भाषा मराठी असेल तर आधी हा फॉन्ट वापर, एवढा नियम लिहिला की पडद्यावरची पानं आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या वळणाने दिसू लागतात. मी ही फाइल अनेकांना दिली आहे, आणि मलाही ती मिळालेलीच होती. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सच्या आज्ञांचे धडे मराठीतून केले आहेत, त्यामुळे अशी फाइल कुठे ठेवायची हे इंग्रजीवाचून शिकता येतं.

टर्मिनलमध्ये मात्र मराठी अजून अडखळते. एडीएम-३ए सारख्या टर्मिनलांचा पडदा म्हणजे समान चौकोनांची जाळी होती, एका ओळीत ८० चौकोन, एका चौकोनात एक अक्षर. आजचे टर्मिनल खिडकीत चालतात, पण आतली जाळी तीच आहे. 'क्ष' मध्ये दोन व्यंजनं, म्हणून हिशेबाने दोन चौकोन. दिसताना ते एकच अक्षर. ऱ्हस्व इकार तर टंकायचा नंतर आणि दिसायचा आधी. एडिटर एक रुंदी धरतो, टर्मिनल दुसरी, आणि कर्सर भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. .बॅशआरसीतल्या माझ्या टिपा मराठीत आहेत. खिडकीतल्या साध्या एडिटरमध्ये त्या स्वच्छ दिसतात, टर्मिनलमध्ये जोडाक्षरापाशी फिसकटतात. कोणत्याही डॉटफाइलमध्ये कोणतीही ओळ लिहून हे सुटत नाही, टर्मिनलचा कोडच बदलावा लागतो. कॅलिबर हे पुस्तकांचं सॉफ्टवेअर लिहिणारे भारतीय प्रोग्रामर कोविद गोयल यांचं किटी नावाचं टर्मिनल आहे. त्यात २०२५ मध्ये एक नवा संकेत आला: हा मजकूर इतक्या चौकोनांत बसव, असं प्रोग्रामनेच टर्मिनलला सांगायचं. म्हणजे दोघांच्या हिशेबातला वाद मिटण्याची एक वाट तयार झाली आहे. आता तो संकेत शेलने आणि एडिटरने बोलायचा आहे, इतर टर्मिनलांनी ऐकायचा आहे, आणि देवनागरी टंकणाऱ्या कुणीतरी तो 'क्ष', 'त्र', 'ऱ्य' आणि 'र्‍हा' वर तपासून चुका कळवायच्या आहेत.